साडेचारची गाडी, पाचची घंटा

आमच्या शाळेची शेवटची घंटा पाचला होते आणि वरच्या वाड्यांकडे जाणारी एसटी फाट्यावरून साडेचारला सुटायची. पूर्वी शाळा चारला सुटे, तेव्हा हे जमत होतं. मग शाळेची वेळ बदलली, गाडीची तशीच राहिली. शेवटच्या तासाला माझा भूगोल असो की दुसऱ्या बाईंचं गणित, वरची पोरं आधीच दप्तर आवरून खिडकीबाहेर बघत बसायची. तास संपेपर्यंत थांबलेल्या मुलींना वडापशिवाय इलाज नव्हता, आणि वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. दहावीनंतर मुलीचं शिक्षण का थांबवलं, असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळायचं, ‘यायला अंधार होतो.’

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला पानशेत, वरसगाव, मुळशी, भाटघर अशी धरणांची रांग आहे. अशाच एका धरणामागे आमची गावं आहेत. समोरची वाडी पाण्यापलीकडे दिसते, पण रस्त्यानं जायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा. गाडी चुकली की थेट रात्रीची मुक्कामी. ती गावात मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपतात आणि पहाटे दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या घेऊन गाडी खाली उतरते. मुक्कामी गाडीवर आमच्याकडे घड्याळ लावतात. दहावीच्या पोरीनं मात्र तिची वाट बघत फाट्यावर बसून राहायचं का?

निवेदन द्यायचं म्हटलं की सगळे पहिलं वाक्य ‘गाड्या वाढवा’ असंच लिहितात. आम्हीही तेच लिहून आगारात गेलो. तिथल्या वाहतूक नियंत्रकांनी शांतपणे रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या साडेचारच्या फेरीचं भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते प्रमाण, घसरत चाललं होतं आणि तीच फेरी बंद करायचा विचार सुरू होता. माझ्या पोटात गोळाच आला. पण साडेचारला गाडीत बसणार कोण? पोरं वर्गात, बायका शेतात, दवाखान्याला आलेली म्हातारी माणसं दुपारच्या गाडीनंच परतलेली. वेळ चुकीची म्हणून गाडीत माणसं नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून गाडीच बंद! हे चक्र कुठंतरी तोडायलाच हवं होतं.

‘मग पाऊण तास पुढं ढकला,’ मी म्हटलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर गाडीचा अख्खा दिवस मांडून दाखवला. पहाटे कुठून निघते, दुपारी क्रू कुठं बदलतो, संध्याकाळी परत आली की तीच गाडी दुसऱ्या खोऱ्यात मुक्कामाला कशी जाते. आमची फेरी लांबवली असती तर त्या गावाची मुक्कामी रात्री उशिरा पोचली असती. एक गाडी एका गावाची नसते, हे मला त्या कागदानं समजलं.

मग नववीच्या मुलांनी वह्या घेतल्या. कोण कुठल्या थांब्यावर चढतं, किती वाजता निघतं, परत कधी यायचं असतं, हे घरोघरी विचारलं. आशाताईंना विचारलं, दूध डेअरीवर विचारलं. शेजारच्या खोऱ्यातल्या शाळेनंही असंच टिपण केलं आणि त्यातून नेमकं हवं ते हाती लागलं. त्यांच्याकडे सव्वापाचला गाडी होती, पण त्यांची शाळा सकाळची. बाजारची माणसं साडेचारलाच मोकळी होऊन पाऊण तास ताटकळत बसायची. दोन्ही मार्गांचं अंतर जवळपास सारखं. दोन गाड्यांच्या फेऱ्यांची फक्त अदलाबदल करायची होती. नवी गाडी नको, जादा डिझेल नको. आगारानं महिनाभर करून बघू म्हटलं, आणि ती वेळ आता कायम झाली आहे.

‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी’ हे ऐकतच आपण मोठे झालो. सवलतीही खरोखर चांगल्या आहेत. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास, 75 वर्षांपुढच्यांना 2022 पासून मोफत प्रवास, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. पण घंटेआधीच गाडी गेली तर पास दप्तरातच राहतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, गाड्या मागायच्या आधी ग्रामसभेत असा तक्ता करा. कोण, कुठून, किती वाजता. आगारात तो तक्ता पुढं ठेवला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

आमचं अजून सगळं झालेलं नाही. सकाळची गाडी हायवेला पोचते तेव्हा स्वारगेटची नुकतीच गेलेली असते आणि पुण्यात कामाला जाणारी पोरं उन्हापावसात उभी राहतात. दुसरं, सुट्टीत शाळेच्या फेऱ्या बंद होतात, पण म्हाताऱ्यांच्या गोळ्या-औषधांना मे महिन्यात सुट्टी नसते. या दोन्ही गोष्टींचं टिपण तयार आहे. सोमवारी सरपंचांना घेऊन आगारात जाणार आहे.