तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कॉलेजातून कोण मोठं झालं?

लग्नात, बँकेत, स्टाफरूममध्ये, पालकसभेत, सगळीकडे तेच. "मॅडम, तुम्ही अमेरिकेत शिकलात ना, कुठलं हो कॉलेज? कधी नाव ऐकलं नाही. तिथून कोण मोठं झालंय का?" आणि पाठोपाठ तो दुसरा प्रश्न, जो कोणी तोंडावर विचारत नाही पण मला ऐकू येतो, की झालं असेल तर तुम्ही इथे साताऱ्यात अकरावी-बारावीला इतिहास का शिकवताय. दरवेळी अर्धंमुर्धं उत्तर देऊन दमलेय, म्हणून एकदाच लिहिते.

कार्लटन. मिनेसोटात नॉर्थफिल्ड म्हणून गाव आहे तिथे. 1866 चं कॉलेज, मुलं दोनेक हजार, बास. मास्टर्स नाही, पीएचडी नाही, फक्त चार वर्षांची बीए. त्यामुळे नाव होत नाही. पण त्यामुळेच प्रोफेसर लोकांना शिकवायला समोर फक्त आपणच असतो.

यादी हवी असेल तर ती पण आहे. मेरी-क्लेअर किंग, 1967 ची बॅच, मेजर गणित. ब्रेस्ट कॅन्सर एखाद्या जीनमुळे घराण्यात उतरू शकतो हे बहुतेकांना पटत नव्हतं तेव्हा ती वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली आणि 1990 मध्ये दाखवून दिलं की ते जीन सतराव्या क्रोमोसोमवर आहे. आज पुण्या-मुंबईत डॉक्टर आई-मावशीची हिस्टरी ऐकून बीआरसीए टेस्ट करायला सांगतात ना, ती तिथून आली. थोरस्टीन व्हेब्लेन, अर्थशास्त्रवाला, 1880 ची बॅच. पॉल वेलस्टोन तिथे वीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवून सिनेटर झाला, 2002 मध्ये विमान अपघातात गेला.

ही यादी मी 2004 मध्ये जायच्या आधी बाबांना लिहून दिली होती. बाबा एसटीत, आधी कंडक्टर, मग डेपोत वाहतूक नियंत्रक. स्कॉलरशिप मिळाली तरी विमानाचं तिकीट, व्हिसा, थंडीचे कपडे, याला सोसायटीचं कर्ज काढलं होतं, आणि लोक त्यांना रोज विचारायचे की इंजिनिअरिंग सोडून हे काय. उत्तर द्यायला काहीतरी हवं म्हणून मी कागद दिला. त्यांनी तो ड्युटीच्या डायरीत ठेवून पाठ केला.

2009 ची गोष्ट. मी नुकती परत आले होते. स्वखुशीने आले असं मी बरीच वर्षं सांगत होते, ते खरं नाही. मिनियापोलिसला एका ऑफिसात लागले होते, मंदीत त्यांनी काढलं, दुसरी नोकरी मिळेना आणि व्हिसाची मुदत संपत आली. कराडला चुलतबहिणीचा साखरपुडा होता. जेवताना आत्याच्या यजमानांनी विचारलंच, "काय दादा, पोरीच्या कॉलेजचं काय मग?" बाबांनी लगेच सुरू केलं. कॅन्सरचं जीन शोधलं ती बाई ह्यांच्याच कॉलेजची, सिनेटर होता तो तिथलाच मास्तर, सगळं क्रमाने, एकही नाव न चुकता, पाच वर्षांनीसुद्धा. पंगतीत सगळे ऐकत होते. त्यांचं झाल्यावर आत्याचे यजमान म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण हिचं काय?"

मी त्यांना काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी बाबांना बोलले. "बाबा, पुरे करा. त्या लोकांचा आणि माझा काडीचा संबंध नाही. माझं काही झालं नाही म्हणून तुम्हाला दुसऱ्यांची नावं सांगावी लागतात." मोठ्याने, सगळ्यांसमोर.

बाबांच्या हातात जिलेबीचा मोडलेला तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला, रुमाल काढला आणि बोटं पुसली, एकेक बोट, सावकाश. मग वाढप्याला म्हणाले, "मठ्ठा आण रे." परत येताना गाडीत कोणी काही बोललं नाही.

तेव्हाची मी अजून म्हणते की बरोबर बोललीस, दुसऱ्यांच्या नावावर किती दिवस जगायचं. आणि आत्ताची मी म्हणते, अगं, यादी तूच दिली होतीस ना? त्यांनी ती तुझ्यासाठी सांभाळली. हे भांडण मिटलेलं नाही.

खरं तर बाबांना एक वेगळं नाव सांगायला हवं होतं, ते मी कधी सांगितलंच नाही. एलिनॉर झेलियट. 1969 पासून 1997 पर्यंत कार्लटनला इतिहास शिकवला. बाबासाहेब आणि महारांची चळवळ हा पीएचडीचा विषय, चोखामेळ्यावर काम, दलित कवितांची इंग्रजी भाषांतरं. त्या भागातल्या छोट्या कॉलेजांचा मिळून पुण्यात एक कोर्स असायचा, तिकडची पोरं इथे राहून मराठी शिकायची. मी गेले तेव्हा त्या रिटायर झालेल्या होत्या, मला त्यांनी शिकवलं नाही. पण कॉम्प्ससाठी, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी, विषय शोधताना लायब्ररीत त्यांचं लेखन हातात आलं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी साताऱ्याची मुलगी खुर्चीत बसून बाबासाहेबांबद्दल पहिल्यांदा धड वाचतेय, इंग्रजीत. 7 नोव्हेंबर 1900 ला ज्या शाळेत त्यांचं नाव घातलं ती राजवाड्याजवळची शाळा, प्रतापसिंह हायस्कूल, तिच्यासमोरून मी दहा वर्षं सायकल मारत होते. आमच्या घरात त्यांचं नाव 14 एप्रिलला रस्ता बंद असतो एवढ्यापुरतं निघायचं. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी मी बायोलॉजी सोडून इतिहास घेतलेला पहिल्यांदा मला बरोबर वाटला. इथे येऊन एमए, बीएड केलं ते त्याच जोरावर. आता अकरावीच्या मुलांना दर नोव्हेंबरला त्या शाळेपर्यंत चालत नेते. रजिस्टरमध्ये नाव भिवा रामजी आंबेडकर असं आहे हे सांगितलं की एकदम शांत होतात. याला अचिव्हमेंट म्हणायचं का? कॉलेजकडून दरवर्षी ईमेल येतो, तुमची बातमी कळवा म्हणून. तीनदा लिहायला बसले. माझ्या बॅचचे लोक हार्ट सर्जन आहेत, प्रोफेसर आहेत. पाठवलं नाही. लाज वाटते म्हणून की गरज वाटत नाही म्हणून, हे मलाच ठरवता येत नाही.

बाबा आता 74 चे आहेत. कराडनंतर त्यांनी कॉलेजचं नाव काढलेलं नाही. कोणी विचारलं की म्हणतात, "तिलाच विचारा." म्हणून तुम्ही सगळे माझ्याकडे येता.