निब लावताना: तीन जुनी पेने, जून ते ऑक्टोबर

या पाच महिन्यांत तीन जुनी शाईपेने दुरुस्तीसाठी हाती घेतली. पहिले वडिलांचे सोनेरी टोपणाचे हिरो, दुसरे पुण्याच्या जुन्या बाजारात दीडशे रुपयांना मिळालेले काळे एबोनाइटचे पेन, आणि तिसरे न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने येताना आणलेले एस्टरब्रुक कंपनीचे ‘जे’ नावाचे पेन. तिन्ही पेने आज लिहिती आहेत, परंतु एस्टरब्रुकची एक निब माझ्या हातून कायमची गेली. ती कशी गेली हे नीट लिहून ठेवले तर दुसऱ्या कोणाची निब वाचेल, एवढ्यासाठी मुख्यतः ही नोंद लिहीत आहे.

तंबोरा लावतात त्याच अर्थाने मी ‘निब लावणे’ असे म्हणते. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी थोडीशी घासतो आणि पुन्हा पुन्हा तार छेडून ऐकतो. निबेच्या कामात ऐकण्याची जागा पाहण्याने घेतलेली आहे. म्हणून साधनांमध्ये सर्वांत मोलाचे ठरले ते घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग. त्याखेरीज ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी, कान धुण्याचा रबरी फुगा आणि निब घासून गुळगुळीत करण्याचे १२००० नंबरचे मायक्रोमेश कापड एवढेच सामान जवळ होते. शाई सर्व चाचण्यांसाठी एकच ठेवली, कॅमलची रॉयल ब्लू, कारण ती पाण्याने सहज धुतली जाते आणि पेनात साका धरत नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईचा जो व्यवसाय सुरू केला त्यातलीच ही उंट छाप शाई असल्यामुळे तिच्याविषयी थोडा जिव्हाळाही आहे, हे मान्य करते. वहीसुद्धा एकच ठेवली. शाई आणि कागद बदलत राहिले तर फरक निबेमुळे पडला की आणखी कशामुळे, हे कधीच कळत नाही.

कामाचा क्रम मी आता ठरवून टाकला आहे: आधी धुणे, मग पाहणे, मग पाकळ्या (मधल्या चिरेमुळे निबेच्या टोकाचे होणारे दोन भाग) समपातळीत आणणे, मग शाईचा ओघ, आणि अगदी शेवटी, गरज उरली तरच, घासणे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण निब आणि कागद यांच्यामध्ये शाईचा पातळ थर असतो आणि तोच वंगणाचे काम करतो. ओघ कमी असलेली निब कितीही गुळगुळीत असली तरी हाताला खरखरीतच लागते, आणि त्या खरखरीवर उपाय म्हणून आपण टोक घासू लागलो तर नसलेल्या दोषासाठी असलेला धातू गमावून बसतो.

हिरोपासून सुरुवात केली. आमच्या पिढीला या पेनाची ओळख करून द्यायला नको: टोपणावर बाणाची क्लिप, आत दाबून शाई भरण्याची नळी, आणि निबेचे जेमतेम टोक बाहेर ठेवून बाकी सगळी झाकणारे नाक. माझे वडील, घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि हजेरीपटापासून निकालपत्रकांपर्यंत सगळे लेखन त्यांनी याच पेनाने केले. गेली वीस वर्षे पेन कपाटात पडून होते. साध्या, थंड पाण्यात दोन दिवस ठेवून अधूनमधून नळी दाबत राहिले, तेव्हा कुठे निळे पाणी येणे थांबले. गरम पाणी आणि स्पिरिट मी जुन्या पेनांना लावत नाही, कारण बऱ्याच जुन्या प्लास्टिकांना स्पिरिटने तडे जातात.

शाई भरल्यावर ओघ उत्तम होता, पण खरखर मोठी होती. भिंगाखाली दोन्ही पाकळ्या अगदी समपातळीत दिसल्या. याचा उलगडा होईना म्हणून निब बाजूने, दिव्यासमोर धरून पाहिली. टोकावर कठीण धातूचा जो बारीक मणी असतो, तो मणी गोल राहिलेला नव्हता. त्याच्या खालच्या अंगाला एक चकचकीत, किंचित तिरपा सपाट भाग पडला होता, पायरीच्या दगडाला खोलगटपणा येतो तसा, वर्षानुवर्षांच्या लेखनाने झिजून तयार झालेला. मी पेन उभे धरते, त्यामुळे त्या सपाटीची कड कागदाला लागत होती. पेन थोडे आडवे करून बोटांत जरासे डावीकडे वळवले आणि खरखर पूर्ण थांबली. खात्री करून घ्यावी म्हणून पेन अण्णांच्या हाती दिले आणि सही करायला सांगितले. त्यांनी न पाहता, बोटांच्या एका हालचालीत ते नेमके तेवढेच आडवे केले आणि तेवढेच वळवले.

ती सपाटी पूर्ण काढून मणी पुन्हा गोल करणे शक्य होते, पण त्यासाठी बराच धातू घालवावा लागला असता आणि अण्णांच्या हाताला बसलेली जागा नाहीशी झाली असती. मी फक्त तिची कड मारली. मायक्रोमेशवर शाईसकट, पेनाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार न देता पाच वळसे घेतले आणि प्रत्येक वळशानंतर भिंगाखाली पाहिले. आता ते माझ्या हातात समाधानकारक चालते आणि त्यांच्या हातात फार सुंदर चालते.

दुसऱ्या पेनाने मला देवनागरीविषयी काही शिकवले. निब तपासताना आडवा आठ काढून पाहावा, असा सल्ला सर्वत्र दिलेला असतो आणि तो चांगलाच आहे. आपल्याकडे मात्र त्याच कामाचे अक्षर तयार आहे: ळ. त्याच्या दोन गाठींमध्ये पेन सर्व दिशांना फिरते. म्हणून ‘सरळ ओळ, जवळ बाळ, काळवेळ’ अशा ओळी मी चाचणीसाठी लिहिते. ळ दोष आहे एवढे सांगतो. दोष कोणत्या बाजूला आहे ते शिरोरेषा सांगते. दोन पाकळ्यांपैकी एक खाली उतरलेली असली की सगळा भार तिच्यावर येतो आणि चिरेकडची तिची आतली धार उघडी पडते. ज्या दिशेला ती धार तोंड करून असते त्या दिशेला पेन नेले की ती कागदात रुतते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने डावी पाकळी खाली असेल तर तिची आतली धार उजवीकडे पाहते, आणि म्हणून डावीकडून उजवीकडे ओढलेली शिरोरेषा खरखरते. उजवी पाकळी खाली असेल तर शिरोरेषा गुळगुळीत जाते, आणि पेन उजवीकडून डावीकडे वळते तिथे, गाठींमध्ये आणि गोलाईत, ते अडते.

एबोनाइटच्या पेनाची शिरोरेषा खरखरत होती, म्हणजे डावी पाकळी खाली होती. भिंगातही तसेच दिसले. तरी पहिल्या प्रयत्नात मी उलटीच पाकळी उचलली, कारण निब टोकाकडून पाहताना लिहिणाऱ्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे लक्षात राहिले नाही. दोष दुप्पट झाला. तेव्हापासून डाव्या पाकळीवर मार्करचा बारीक ठिपका देऊन मगच भिंग डोळ्याला लावते. पाकळी उचलताना नख तिच्याखाली घालून हलकेच वर दाबायचे, दोन-तीन सेकंद धरायचे आणि सोडून पाहायचे. एकदम जोर लावू नये. पोलाद बरेचसे परत येते, त्यामुळे अगदी किंचित जास्त दाबावे लागते. ते ‘किंचित’ किती, हे हाताला चार-पाच वेळांनंतरच कळते.

याच पेनाचा ओघही कमी होता. निब आणि तिला शाई पोहोचवणारी तिच्याखालची जीभ यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसत होती, म्हणजे जीभ निबेला टेकतच नव्हती. जीभ अंगठ्याने जोरात चोळून पाहिली तर गंधकाचा वास आला, म्हणून ती एबोनाइटची, हे नक्की झाले. रबरात गंधक घालून एबोनाइट करतात आणि ते उष्णतेने मऊ पडते. गॅसवरून उतरवलेल्या उकळत्या पाण्यात निब आणि जीभ एकत्र, अर्धा मिनिट धरली, फडक्यात घेऊन अंगठ्याने दाबली आणि तशीच थंड पाण्यात घातली. पेनाचे अंग मात्र त्या पाण्यात जाऊ दिले नाही, कारण गरम पाण्याने काळे एबोनाइट तपकिरी, हिरवट होते आणि तो रंग धुऊन जात नाही. दोनदा हे केल्यावर उजेडाची रेघ गेली आणि शाई सरळ येऊ लागली. हे पेन ड्रॉपरने भरायचे असल्यामुळे आट्यांना थोडे सिलिकॉन ग्रीस लावले. शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेवाटे थेंब पडतो, तेव्हा एक तृतीयांश शाई उरली की मी भरून घेते.

जुलैमध्ये एक निष्कर्ष घाईने काढला गेला. याच पेनाची रेघ मला जाड वाटली, म्हणून चीर थोडी मिटवली. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत तेच पेन कोरडे लिहू लागले. पावसाळ्यात वहीचे पान दमट असते आणि शाई त्यावर पसरते. जाड झाली होती ती रेघ कागदामुळे. पितळी पट्टी चिरेतून हळूच दोनदा फिरवून ओघ पूर्ववत केला. सर्दाळलेल्या कागदावर ओघ ठरवू नये, असे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.

आता एस्टरब्रुक. ही कंपनी १८५८ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेन येथे सुरू झाली आणि टाकाच्या पोलादी निबांसाठी ती प्रसिद्ध होती. तिच्या शाईपेनांचा मोठा गुण असा, की निब आणि जीभ मिळून एकच सुटा भाग असतो, तो आट्यांनी फिरवून काढता येतो आणि दुसरा बसवता येतो. आमच्यासारख्या मर्यादित खर्चात शिकणाऱ्यांना याहून सोयीचे पेन क्वचितच मिळेल. पेनातली रबरी पिशवी वयोमानाने कडक होऊन तिचे तुकडे झाले होते. तिच्या जागी १६ नंबरची नवी पिशवी लाखेने चिकटवली, तिला साधी शंखजिऱ्याची पूड चोळली आणि रात्रभर वाळू दिली. हे काम भीती वाटली होती त्यापेक्षा सोपे निघाले.

पेनासोबत दोन निबा होत्या, १५५१ आणि २६६८. निबेवरचा पहिला आकडा वाचायला मी शिकले, परंतु उशिरा. ९ ने सुरू होणाऱ्या निबांच्या टोकाला कठीण धातूचा मणी असतो. १ आणि २ ने सुरू होणाऱ्यांना तो नसतो; तिथे पोलादाचा पत्राच टोकाशी खाली वळवून लेखनाचा पृष्ठभाग केलेला असतो. मी १५५१ हाती घेतली तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. ती थोडी खरखरत होती. भिंगाखाली एकदा पाहून पाकळ्या ठीक आहेत असे ठरवले आणि मायक्रोमेशवर घासायला बसले. हिरोच्या वेळी प्रत्येक वळशानंतर पाहिले होते. या वेळी सलग दहा-पंधरा मिनिटे घासत राहिले, कारण प्रत्येक वेळी ‘आणखी थोडे’ हवेसे वाटत होते. त्या कठीण मण्याला जे सहन होते ते साध्या पोलादाला होत नाही. शेवटी पाहिले तेव्हा वळवलेल्या घडीचा खालचा भाग सपाट झाला होता आणि डावीकडे धारदार कड आली होती. रेघ जवळजवळ दुप्पट रुंद झाली आणि उभ्या काण्यात कागदाचे तंतू निबेत अडकू लागले. कड मारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चिरेच्या आतल्या कडा गोल होऊन शाई कागदाला टेकेनाशी झाली.

हा दुसरा दोष आपल्या लिपीत विशेष जाचतो. जोडून लिहिलेल्या रोमन अक्षरांत पेन एका शब्दात फारसे उचलले जात नाही. देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा आणि शिरोरेषा यांसाठी ते एका शब्दात चार-सहा वेळा उठते आणि पुन्हा टेकते. टेकताक्षणी शाई न देणारी निब ‘मराठी’ एवढा शब्द लिहितानाही दोन ठिकाणी कोरी रेघ ओढते. म्हणून निब थोडी कमी गुळगुळीत राहिली तरी चालेल, पण टेकताच लिहिली पाहिजे, असे माझे आता स्पष्ट मत आहे. काचेसारखी गुळगुळीत निब हे ध्येय मी सोडून दिले आहे. कागदाची थोडी जाणीव देणारी निब अक्षरालाही वळण देते.

२६६८ ला मी फक्त धुतले आणि डावी पाकळी केसभर उचलली, मायक्रोमेशला ती लागलेलीही नाही. गेले सहा आठवडे घरचा हिशेब आणि ही नोंदवही तिनेच लिहिते आहे.

सध्या उरलेला प्रश्न हिरोचा आहे. ळ ची दुसरी गाठ मिटवताना, पेन डावीकडे वळते त्या एकाच जागी, ते अजून किंचित अडते, म्हणजे उजवी पाकळी थोडी खाली असावी. पण निबेवर नाक असल्यामुळे नख तिथपर्यंत पोहोचत नाही. नाक फिरवून काढता येते, परंतु आतले चिकट द्रव्य जुने झाले आहे आणि जोर लावला तर प्लास्टिक तडकेल अशी धास्ती वाटते. कोणी हे नाक कोमट पाण्याने, प्लास्टिकला इजा न होता सोडवले असेल, तर पाणी किती वेळ लागू दिले ते जरूर कळवावे. तोपर्यंत ते पेन अण्णांकडेच आहे. दूधवाल्याचा हिशेब ते त्यानेच लिहितात.