अक्कलदाढेखालचे चित्र

स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या आहेत. त्या माझे वर्गबंधू जास्त चांगल्या लिहितील. आपल्या शाळेत फळ्यावर काढायच्या त्या जबड्याच्या चित्रात दाढांची मुळे असायची, मुळांच्या खाली काय आहे ते नसायचे. तेवढा भाग, म्हणजे अक्कलदाढेचा पू मानेत उतरला तर काय होते ते, इथे काढतो.

खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला एक तिरकी कड असते. तोंडाचा तळ पेलणारा स्नायू तिला चिकटतो. पुढच्या दातांची मुळे या कडेच्या वरच संपतात. दुसरी दाढ आणि अक्कलदाढ यांची मुळे खाली उतरतात. म्हणून या दोघींच्या मुळाशी पू झाला, तर हाडाची पातळ भिंत फोडून तो तोंडात न येता मानेत पडतो. मानेच्या स्नायूंभोवती पांढरी आवरणे असतात आणि त्यांच्यामधल्या फटी थेट छातीत जातात. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, पू खाली ओढला जातो.

बहुतेक वेळा साधे गळू होते. चिरा दिला, दाढ काढली, काम झाले. क्वचित, आणि विशेषतः साखर ताब्यात नसलेल्या माणसाला, जंतू हे आवरणच कुजवत सुटतात. याला नेक्रोटायझिंग फॅशायटिस म्हणतात. आवरणाला रक्त मुळातच कमी. त्यातल्या बारीक वाहिन्यांत रक्त गोठले की अँटिबायोटिक तिथे पोचतच नाही. कातडी मात्र सुरुवातीला नुसती लालसर दिसते. दिसणाऱ्या सुजेच्या मानाने ठणका भलताच जास्त, ही पहिली खूण. पुढे कातडी जांभळी-काळपट होते, फोड येतात, दाबल्यावर खाली हवा कुरकुरते. मग दुखणे एकाएकी थांबते. घरच्यांना वाटते गोळी लागू पडली. खरे तर कातडीच्या नसा मेलेल्या असतात.

इस्पितळात आधी श्वासाची वाट सांभाळतात, कारण जीभ वर-मागे ढकलली जाऊन घसा बंद होऊ शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेल्या तोंडाच्या तळाच्या सुजेतही हाच धोका. कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन काढतात, पण रुग्ण ढासळत असेल तर स्कॅनसाठी थांबत नाहीत. रक्ततपासणीवरून गुण देण्याची एक पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मांडली. ६ किंवा अधिक गुण म्हणजे संशय. कमी गुण आले म्हणून निर्धास्त राहणे मात्र चूक. व्यापक अँटिबायोटिकसोबत क्लिंडामायसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी शिरेतून देतात, ते जंतूंचे विष तयार होणे रोखते. खरा इलाज शस्त्रक्रियाच. चिरा दिल्यावर घट्ट पिवळा पू येत नाही, तांदळाच्या धुवणासारखे करडे, घाण वासाचे पाणी येते आणि बोट आवरणाखाली सहज सरकते. रक्त येणारा निरोगी भाग लागेपर्यंत कापावे लागते. २४ तासांनी पुन्हा उघडून पाहतात. पहिल्या दिवशी हात आखडता घेतला, की दुसऱ्या दिवशी दुप्पट कापावे लागते.

आपल्याकडे उशीर कशात होतो ते ठाऊकच आहे. लवंग, शेक, फार्मसीतून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे. गोळीने ताप आणि ठणका दबतो, रोग दबत नाही. जबड्याखाली सूज, तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडणे, थुंकी गिळता न येणे, तोंडात घास असल्यासारखा आवाज: यातले काहीही दिसले तर रात्र काढू नये. १०८ बोलवावी आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ गाठावे. सुजेच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहावी. तासाभरात रेघ ओलांडली गेली, तर डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. रुग्णाला उताणे झोपवू नये, पुढे झुकवून बसवावे. भूल द्यावी लागणार असते, म्हणून वाटेत चहाचा घोटही पाजू नये.