रिकाम्या जागेवर डोळा

डेलावेअर नदीवरच्या टोलच्या कमानीखालून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाऊनला जाताना नवरा म्हणाला, "थोडक्यात, आपण दीड तास गाडी हाकून बँड बघायला चाललोय." मी गप्प बसले. हेच वाक्य १९९५ साली बाबांच्या तोंडून ऐकलं होतं, फक्त त्यात "वरातीतला" हा शब्द जास्त होता.

तेव्हा आधी थोडा खुलासा. ड्रम अँड ब्यूगल कोअर, आपण सोयीसाठी पथक म्हणू. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याकडची जास्तीची ब्यूगलं माजी सैनिकांच्या संघटनांकडे आली आणि त्यांनी गावोगावी पोरांची पथकं उभी केली, तिथून हे सुरू झालं. १९७१ साली मोठ्या पथकांनी एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल काढली, आणि पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिलं अजिंक्यपद झालं. यात बासरी नाही, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. पितळी वाद्यं, ड्रम, मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली मरिंबा-व्हायब्राफोनची रांग, आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी उडवणारी मुलं. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटं हे सगळे धावतात, उलटे चालतात, आकार करतात आणि मोडतात, आणि ते करता करता वाजवतात. एकविशी उलटली की घरी. तिथे कितीही चांगलं वाजवणाऱ्याची रदबदली चालत नाही.

मी कोल्हापूरहून अकराव्या वर्षी न्यू जर्सीत आले आणि एकोणिसाव्या वर्षी अशा एका पथकात शिरले. नाव सांगत नाही. आम्ही अंतिम फेरीच्या १२ मध्ये कधी आलो नाही, आणि आता ते पथकही नाही. मी मेलोफोन वाजवायचे. मेलोफोन म्हणजे फ्रेंच हॉर्नचा मैदानी भाऊ. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं, याचं पुढे.

 

ॲलनटाऊनचं जे. बर्नी क्रम स्टेडियम शाळांच्या फुटबॉलचं आहे. काँक्रीटच्या उभ्या पायऱ्या, पाठ टेकायला काही नाही, दोन गुडघ्यांच्या मध्ये पुढच्याचं डोकं. उशी आणायला विसरलात तर भोगा. मी विसरले होते. अंतिम स्पर्धा २००९ पासून इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. तिथे छत आहे, थंडगार हवा आहे, खुर्च्या आहेत, आणि आवाज मात्र भांड्यात गोट्या टाकून हलवल्यासारखा. ॲलनटाऊनला आवाज अंगावर येतो. ऑगस्टच्या सुरुवातीला, अंतिम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री इथे पथकं वाटून घेतलेली असतात. आम्ही शनिवार घेतला.

माझ्या डाव्या हाताला एक पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ होते. टोपीवर बेयॉनच्या ब्रिजमेनचा बिल्ला. लांब पिवळे कोट घालून मैदानात उतरणारं ते न्यू जर्सीचं पथक कधीच इतिहासजमा झालंय. पहिलं पथक यायच्या आत त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. २००० पासून जी स्वराचं ब्यूगलच हवं ही अट गेली, २००४ ला पुढच्या रांगेला माईक आले, २००९ ला सिंथेसायझर आला, मग ट्रॉम्बोनसुद्धा आले, "आता उरलं काय?" मी मोठ्या उदारपणे मान डोलावत होते, बदल हा व्हायचाच वगैरे. मग पहिल्या पथकाचा सिंथेसायझर सुरू झाला. काँक्रीट थरथरलं, माझ्या बरगड्या थरथरल्या, आणि साठ-सत्तर पोरं जीव तोडून फुंकत होती त्यातलं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी गृहस्थांकडे वळून म्हटलं, "तुमचं बरोबर आहे." त्यांनी खिशातून कानात घालायचे बोळे काढून दिले. पन्नाशीला टेकल्यावर माणूस कुणाच्या बाजूला जाऊन बसतो ते असं कळतं.

नवऱ्याचा प्रश्न वेगळाच. "यात जिंकतं कोण, कसं कळतं?" त्याला सांगितलं, १०० पैकी गुण असतात, ४० एकूण परिणामाला, ३० दिसण्याला, ३० संगीताला. २००८ साली ब्लूमिंग्टनला फँटम रेजिमेंटनी ब्लू डेव्हिल्सना ०.०२५ ने हरवलं होतं. ९८.१२५ आणि ९८.१००. "म्हणजे एकाचा पाय जरा वाकडा पडला तर?" तो म्हणाला. गंमत म्हणून म्हणाला. पण खरी गोष्ट तीच आहे. मी तीन उन्हाळे एकाच गोष्टीला भीत काढले: पाच यार्डांत आठ पावलं, एकेक पाऊल साडेबावीस इंचांचं, आणि त्यातलं एक तरी माझ्याकडून चुकणार.

त्यामुळे मला हे खेळ बघताच येत नाहीत. लोकांना आकार दिसतात, मला पाय दिसतात. कुणाची टाच आधी टेकली, कोण शेजाऱ्याकडे डोळे फिरवून रांग धरतोय, कोण मागे चालताना चवड्यांवर नाही. बाजूचे लोक उभे राहून आरडाओरडा करतात आणि मी तोंडातल्या तोंडात आकडे मोजत असते. लग्नात जेवायला गेलेल्या आचाऱ्यासारखी माझी गत.

चौथं की पाचवं पथक होतं. नाव लिहीत नाही, त्या मुलीला नको असेल. सुरुवातीलाच मेलोफोनवाल्यांची एक कमान चाळीस यार्डांच्या रेषेवरून आत वळली आणि त्या कमानीत एक दात पडलेला होता. सगळ्यांमध्ये सारखं अंतर, आणि एका ठिकाणी दुप्पट.

बघणाऱ्यातल्या शंभरांपैकी नव्वदांना ते दिसलं नसेल. पण मोसमाच्या शेवटी कुणी जायबंदी झालं की असंच करतात. एक जागा मिटवायची तर आजूबाजूच्या कित्येकांची जागा बदलावी लागते, आणि दोन महिने घोटलेलं पायात बसलेलं असतं. म्हणून ती जागा तशीच मोकळी चालवतात. पोरं तिला भोकच म्हणतात.

त्यानंतर मी त्या पथकाचं दुसरं काही पाहिलं नाही. झेंडे नाहीत, ड्रम नाहीत. त्या भोकाच्या मागे माझे डोळे लागले. ते पस्तीसवर गेलं, वर्तुळात फिरलं, तिरप्या रांगेत शेवटून तिसरं झालं. मग एका ठिकाणी दोन रांगा एकमेकींच्या आरपार गेल्या. ट्रम्पेटवाल्यांची रांग पुढून येत होती, मेलोफोनवाल्यांची मागे जात होती, आणि दोघांच्या मधली फट जेमतेम एका माणसाची. अशा वेळी खांदे तिरके करायचे असतात, नाहीतर वाद्यावर वाद्य आपटतं. त्या भोकासमोर आलेल्या ट्रम्पेटवाल्या पोरीने खांदे तिरके केले. समोर कुणी नव्हतं. मोकळी हवा होती. तरी तिने अगदी मापात अंग चोरलं, जायचं त्याला जाऊ दिलं, आणि पुन्हा सरळ झाली.

मला एकदम १९९७ चं ऑर्लँडो आठवलं. आठवलं म्हणजे काय, घशात आलं.

ते माझं शेवटचं वर्ष होतं, एकविसावं. जूनपासून शाळांच्या व्यायामशाळांच्या लाकडी जमिनीवर झोपणं, रात्री बसमध्ये, दिवसा दहा-दहा तास उन्हात. जेवण एका मोठ्या ट्रकच्या ट्रेलरमध्ये शिजायचं. मांस न खाणाऱ्या पोरीला तेव्हा ब्रेड आणि शेंगदाण्याचं लोणी याशिवाय गती नव्हती. आई दर पंधरा दिवसांनी पुढच्या मुक्कामाच्या पत्त्यावर मेतकुटाचा डबा पाठवायची. बटाट्याच्या लगद्यावर मी ते भुरभुरवायचे. आयोवाचा एक धिप्पाड पोरगा खांद्यावर कॉन्ट्राबास ब्यूगल घेऊन वाजवायचा, तो रोज ताट पुढे करून म्हणायचा, "पिवळी पावडर." ऑगस्टपर्यंत अर्ध्या पितळी विभागाला मेतकुटाची चटक लागली होती.

ऑर्लँडोच्या पाच दिवस आधी सरावात मागे चालताना उजव्या पावलात बारीकसं काहीतरी तुटलं. आवाज आला नाही. मी दीड दिवस कुणाला सांगितलं नाही, आणि मग पाय बुटात जाईना. हाडाला चीर. बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "वाजला का बँड?" आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आणि आई विमानाने ऑर्लँडोला आले. ज्या बँडला त्यांनी तीन वर्षं नावं ठेवली तो बघायला, आणि मी त्यात नसताना.

मी त्यांच्यात बसले होते, कुबड्या पायाशी. आमचं पथक आलं. आईने विचारलं, "तू कुठे उभी राहतेस?" मी बोटाने दाखवलं. तिथून पुढे अकरा मिनिटं आई त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. ती सरकली की आईची मान सरकायची. बाबांना शेवटपर्यंत सापडली नाही, ते दर मिनिटाला "आता कुठे?" विचारत होते. आणि मधल्या आरपार जाण्यात माझ्यासमोरून येणाऱ्या, सोप्रानो ब्यूगल वाजवणाऱ्या मैत्रिणीने खांदे तिरके केले. माझी बोटं कुबडीच्या मुठीवर सूर दाबत होती, ती थांबली.

इकडे ॲलनटाऊनला माझ्या उजव्या हाताला एक बाई होत्या, गळ्यात मुलाच्या फोटोचा मोठा बिल्ला. इथे निम्मे प्रेक्षक आईबापच असतात. ड्रमच्या गडगडाटात त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुमचं कोणतं?"

मी म्हटलं, "ते बघा, पस्तीसवरून आत वळतंय."

"कुठे?"

"डावीकडून चौथं."

त्यांनी डोळे बारीक करून मोजलं, एक, दोन, तीन, मग पाचवा मुलगा. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि काही विचारलं नाही. त्यांना काय वाटलं असेल हा विचार माझ्या डोक्यात गाडीत बसल्यावर आला आणि मला शरमल्यासारखं झालं. त्यांना भलतंच काहीतरी वाटलं असणार. एखादं मूल वगैरे. आता खुलासा कुठे करणार.

कार्यक्रमाबद्दल आणखी थोडं: कॅडेट्स नव्हते. १९३४ साली न्यू जर्सीतल्या गारफिल्डला सुरू झालेलं ते पथक, मधली बरीच वर्षं त्याचं बिऱ्हाड ॲलनटाऊनलाच होतं, २०२४ मध्ये बंद पडलं. तरी किरमिजी टी-शर्ट घातलेले लोक शेकड्यांनी आले होते. पुढच्या शनिवारी इंडियानापोलिसला बोस्टन क्रुसेडर्सनी पहिल्यांदा अजिंक्यपद घेतलं, १९४० सालचं पथक, तर त्याचा निकाल मी भाजी फोडणीला टाकताना फोनवर पाहिला.

ॲलनटाऊनला त्या रात्रीचा निकाल न ऐकताच मी उठले. नवऱ्याला वाटलं पाठ दुखतेय. दुखत होतीच. पण मला बस उभ्या असतात तिथे जायचं होतं. तिथे नेहमी तोच वास असतो, डिझेल, घाम आणि वाद्यांच्या दट्ट्यांना लावायचं तेल. त्या पथकाच्या ट्रेलरची बाजू उघडलेली होती, आत दिवे, बाहेर घडीच्या टेबलांवर पोरांसाठी रात्रीचं खाणं. एका टेबलामागे एक मुलगी कलिंगड कापत होती. उजव्या पायात गुडघ्यापर्यंत राखाडी प्लास्टिकचा बूट.

मी जरा लांबच थांबले. अनोळखी बाईने काय बोलावं? शेवटी म्हटलं, "मेलोफोन ना? मी तुझी जागा बघत होते."

सुरी थांबली. "दिसली?"

"तिरप्या रांगेत शेवटून तिसरी."

"चौतीस नंबरचं पान," ती म्हणाली. "पहिली बाजू, पस्तीसच्या बाहेर दोन पावलं, पुढच्या हॅशच्या मागे चार." पाढा म्हणावा तसं. हॅश म्हणजे मैदानावर आखलेल्या तुटक रेघा, आणि प्रत्येक आकाराचं एक पान. आम्हाला प्रत्येकाला आपापल्या जागांची वही गळ्यात अडकवून फिरावं लागायचं. आता ते फोनवर असतं, पण पाठ तेच करावं लागतं.

मी तिला माझं शेवटचं पान सांगितलं. दुसरी बाजू, पंचेचाळीसच्या बाहेर तीन पावलं, हॅशच्या मागे अर्धं. अठ्ठावीस वर्षं झाली. माझा स्वतःचा मोबाइल नंबर सांगताना मी अडखळते.

"अर्धं?" ती म्हणाली. "अर्धं पाऊल कसं पाळायचं?"

"पाळत नव्हतेच. शिव्या खायचे."

ती हसली. मग बुटाकडे बघत, सुरीच्या टोकाने कलिंगडाच्या बिया उडवत तिने विचारलं, "तुमच्या जागी कुणी आलं होतं का? शेवटी?"

"नाही."

"माझ्याही नाही," ती म्हणाली, आणि एक मोठी फोड कापून माझ्या हातात दिली.