आत्याबाईंचा चेहरा आणि कागदाची खळ

जलरंगात काम करणाऱ्याला लोक रंग कोणते आणि ब्रश कोणता हे हमखास विचारतात. कागद कोणता, हे क्वचितच कोणी विचारते. परभणीत राहून एका विभागीय प्रदर्शनासाठी फूल, जनावर आणि व्यक्तिचित्र अशी तीन चित्रे पूर्ण करताना माझा निम्म्याहून अधिक काळ कागदाची वाट पाहण्यात आणि आलेला कागद खराब आहे हे सिद्ध करण्यात गेला. त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी राहून जलरंग हाताळणाऱ्या दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

प्रदर्शनाची अट साधी होती: माध्यम पारदर्शक जलरंग, आणि प्रत्येक चित्र अर्ध्या इम्पीरियल आकाराचे, म्हणजे 15 बाय 22 इंचांचे.

फुलासाठी मी पळस घेतला, कारण फाल्गुनात जिंतूरच्या बाजूला गेले की तो शोधावा लागत नाही. पळसाचा केशरी रंग ट्यूबमधल्या तयार कॅडमियम ऑरेंजने केला तर तो दाट आणि अपारदर्शक बसतो, आणि पाकळीतून ऊन आरपार येते आहे असे वाटत नाही. म्हणून मी आधी पाकळीच्या आकारापुरता कागद ओला केला, त्यात पारदर्शक पिवळा सोडला आणि तो ओला असतानाच टोकाकडून शेंदरी लाल रंग आत येऊ दिला. दोन्ही रंग कागदावरच मिसळले की जो केशरी तयार होतो, तो पॅलेटवर घोटलेल्या केशरीपेक्षा कितीतरी जिवंत असतो. पळसाची देठाकडची मखमली, काळपट तपकिरी पुष्पकोशाची बाजू मात्र पाकळ्या पूर्ण वाळल्यावर, ब्रश जवळजवळ कोरडा करून रंगवावी. तो गडद रंग शेजारी आला की केशरी आपोआप पेटतो. हे चित्र विनासायास झाले.

जनावर म्हणून देवणी गोऱ्हा निवडला. लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोवंशात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानतात, आणि अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा जलरंगासाठी सर्वांत चांगला, कारण त्यात कागदाचा पांढरा आणि गडद काळा दोन्ही लागतात. पांढरे जनावर पांढऱ्या रंगाने रंगवायचे नसते. मागची पार्श्वभूमी मध्यम गडद ठेवली की पाठीची कड उठून दिसते, आणि पोटाखालची सावली अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घालून केली की अंगाला गोलाई येते. त्या सावलीत जमिनीवरून परतलेला उजेड दाखवायला यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पातळ हात द्यावा. काळ्या ठिपक्यांसाठीही ट्यूबमधला काळा वापरू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवले की जो काळा मिळतो, त्यात ऊब राहते. केसांचा पोत सबंध अंगावर काढत बसण्याची गरज नाही. ठिपक्याची कड जिथे पांढऱ्याला भिडते, तिथे कोरड्या ब्रशाचे चार फटकारे पुरेसे होतात.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढे राहून जाईल. गोऱ्ह्याचे चित्र मी ऐन उन्हाळ्यात केले, आणि आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर गेला की मोठा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, टाकून ब्रश पुन्हा पाण्यात बुडवेपर्यंत पहिली कड वाळलेली असते. त्यावर उपाय म्हणजे पहाटे काम करावे, कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर पसरावा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घालावेत आणि छताचा पंखा बंद ठेवावा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीत चालू असेल तर हवेत ओलावा राहतो आणि वॉश सावकाश वाळतो. फक्त त्याचा झोत थेट कागदावर येऊ देऊ नये.

आता व्यक्तिचित्राकडे येते. माझ्या आत्याबाई वयाची ऐंशी ओलांडलेल्या आहेत. डोक्यावरून पदर, सावळा वर्ण, कपाळावर मोठे कुंकू, आणि गालांवर सुरकुत्यांचे इतके बारीक जाळे की त्यांच्याकडे पाहिले की ब्रश हातात घ्यावासा वाटतो. पळस आणि गोऱ्हा ज्या कागदावर झाले, तो कागद एवढ्याने संपला होता. चेहऱ्यासाठी मला 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत पोताचा, कागद हवा होता, आणि तो आमच्या शहरात मिळत नाही. दुकानात ‘जलरंगासाठी’ असे छापलेले पॅड मिळतात, पण ते बहुधा लाकडाच्या लगद्याचे असतात; शाळेच्या परीक्षेपुरते ते ठीक, पण त्यांच्यावर तिसरा थर दिला की खालचे दोन थर सुटून वर येतात. ज्या पट्ट्यात कापूस पिकतो आणि ज्या मराठवाड्यात दौलताबाद ते खुलताबाद वाटेवर कागजीपुऱ्यासारखे हातकागदाची जुनी परंपरा सांगणारे गाव आहे, तिथे सुती चित्रकागद दुकानात मिळू नये याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून कागद बाहेरून मागवला, आणि तो ऐन पावसाळ्यात कुरिअरच्या एका गोदामात अडकला. मोबाइलवर रोज सकाळी ‘आज पोहोचेल’ असा संदेश येई आणि संध्याकाळी तो बदलून ‘पत्त्यावर कोणी नव्हते’ असा होई. मी दिवसभर घरातच असे. शेवटी स्वतः तिथे जाऊन चौकशी सुरू केली. खिडकीवरचा मुलगा प्रत्येक वेळी तेवढ्याच सौम्यपणे म्हणे, “येऊ लालंय ताई, गाडीच आली नाही अजून.” वस्तुतः कागदाची नळी त्याच्या मागेच, पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या फरशीवर उभी केलेली होती, ती मला दिसली म्हणून मिळाली. नळीच्या तळाचा पुठ्ठा हाताला मऊ लागत होता. आतला कागद मात्र कोरडा आणि स्वच्छ दिसत होता, आणि दुकानदाराशी पुढे झालेल्या वादाचे मूळ नेमके या दिसण्यातच होते.

चांगल्या जलरंग कागदाला खळ दिलेली असते. अनेक उत्तम कागदांना ती जिलेटिनची असते, आणि तिच्यामुळे पाणी तंतूंत लगेच शिरत नाही. रंगाचे कण पृष्ठभागावर राहतात, उजेड त्यांच्यातून जाऊन खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि जलरंगाला त्याची झळाळी मिळते. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे 1945-46च्या सुमाराचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातातल्या दिव्याचा उजेड त्या स्त्रीच्या चेहऱ्यावर ज्या तऱ्हेने पसरला आहे, तो जलरंगात आहे हे पाहणाऱ्याला चटकन खरे वाटत नाही. असा उजेड साधायचा तर खळ शाबूत असावी लागते. कागद बराच काळ दमट जागी राहिला की खळ जागोजागी निकामी होते, आणि डोळ्यांना ते मुळीच दिसत नाही. पहिला वॉश टाकल्यावरच ते कळते: कागदावर काळपट ठिपके उमटतात, तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो, आणि मग तो हलतही नाही, उचलताही येत नाही.

फुलावर असा ठिपका पडला तर त्याचे पान करता येते, गोऱ्ह्याच्या अंगावर पडला तर शेवऱ्याला एक ठिपका वाढतो. चेहऱ्यावर तशी पळवाट नाही. व्यक्तिचित्रात नाकाखालची सावली एका बाजूला ठाम आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेली लागते; ती विरवण्यासाठी ओल्या स्वच्छ ब्रशाने कड मऊ करावी लागते, आणि त्यासाठी रंग क्षणभर तरी पृष्ठभागावर थांबायला हवा. खळ गेलेल्या कागदावर तो थांबतच नाही.

सुदैवाने मी कागद कापण्याआधी प्रत्येक ताव तपासते, आणि हे सर्वांनी करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तावाच्या कडेच्या बोटभर पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवावा. खळ चांगली असेल तर थेंब फुगीर उभा राहतो. गेलेली असेल तर तो पाहता पाहता आत मुरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. त्यानंतर त्याच पट्टीवर फिकट राखाडी वॉश सपाट ओढून पाहावा, कारण खळ कधी कधी तुकड्यातुकड्यानेच जाते आणि थेंब नेमका चांगल्या जागी पडलेला असू शकतो. कागदाच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. माझे जवळजवळ सगळे ताव दोन्ही बाजूंनी गेलेले होते.

विक्रेत्याचे उत्तर असे आले की कागदावर पाणी लावलेले आहे, म्हणजे तो वापरलेला आहे, आणि वापरलेला माल परत घेतला जात नाही. पाणी लावल्याशिवाय दोष दिसत नाही, आणि पाणी लावले की माल परत जात नाही. या पेचात मी पुढचे कितीतरी दिवस अर्ज, छायाचित्रे आणि फोन यांत घालवले. कुरिअरवाले म्हणत, नळी वरून फाटलेली नाही म्हणून नुकसान नाही. प्रदर्शनाची शेवटची तारीख जवळ येत होती, आत्याबाईंचे रेखाटन फळीवर तयार होते, आणि मी रोज संगणकासमोर बसून ओल्या पुठ्ठ्याचे फोटो चढवत होते. अखेर मी न उघडलेला एक ताव मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पाकिटातून काढला, अखंड चित्रण करत त्यावर पाणी टाकले, शेजारी जुन्या चांगल्या कागदाचा तुकडा ठेवून त्यावरही तेवढेच पाणी टाकले, आणि तो व्हिडिओ पाठवला. त्यानंतर नवे ताव आले, सपाट, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, प्लास्टिकमध्ये बंद. मला त्या दिवशी झालेला आनंद चित्र स्वीकारले गेल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

तेव्हा मागवणाऱ्यांसाठी: कागद दिवाळीनंतर, कोरड्या हवेत मागवून ठेवावा. नळीत न घेता सपाट मागवावा. पार्सल उघडतानाच चित्रण सुरू करावे. घरी आल्यावर ताव प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवावेत. भिंतीला लागून कधीही ठेवू नयेत. खळ गेलेले ताव फेकून देण्याचे कारण नाही, कारण कोळसा, पेस्टल किंवा दाट गौश (अपारदर्शक जलरंग) यांसाठी ते उत्तम चालतात. जिलेटिनचे पातळ कोमट द्रावण रुंद ब्रशाने देऊन पुन्हा खळ देता येते असेही आहे, पण चेहऱ्यासाठी मी तो धोका पत्करला नाही.

नवीन कागदावर आत्याबाईंचा चेहरा जसा हवा तसा झाला, आणि त्याचा मला अभिमान आहे. सावळ्या त्वचेसाठी मी पहिला हात यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा, खूप पातळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसलग दिला; फक्त कपाळावरची आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक कोरडी राखली. तो ओला असतानाच गाल, नाक आणि कान यांत थोडा लाल सोडला, कारण चेहऱ्याचा हा मधला भाग नेहमी अधिक रक्ताळलेला असतो, आणि हनुवटीकडे किंचित निळसर झाक दिली. पूर्ण वाळल्यावर सावल्यांचे मोठे भाग दुसऱ्या थरात घेतले. सुरकुत्या रेषेने काढल्या नाहीत. प्रत्येक सुरकुतीची एक कड ठाम ठेवून दुसरी विरवली, म्हणजे ती कातडीची घडी वाटते. सावळ्या चेहऱ्यावरची चमक पिवळी नसते, तिच्यात आकाशाचा निळा असतो. राखलेल्या पांढऱ्यावर शेवटी अल्ट्रामरीनचे अगदी फिकट पाणी फिरवले, तेव्हा कपाळ उजेडात आले. डोळ्यांतला सर्वांत गडद ठिपका सगळ्यात शेवटी ठेवला. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून प्रत्येक थर मनाला पटतो त्यापेक्षा थोडा गडद टाकावा लागतो, हे चेहऱ्यात सर्वांत जास्त जाणवते.

रेखाटनाबद्दल सांगायचे राहिले. ते दुसऱ्या कागदावर पक्के करून मगच चांगल्या तावावर उतरवावे, कारण रबर घासल्यानेही खळ निघते आणि खोडलेली रेषा पहिल्या वॉशमध्ये परत दिसते. पदराच्या काठाचे पांढरे ठिपके राखायला मास्किंग फ्लुइड (कागद झाकणारे आणि नंतर सोलून काढायचे रबरी द्रावण) लावणार असाल, तर ब्रश आधी साबणात बुडवून घ्यावा, आणि वाळवायला हेअर ड्रायर लावू नये. उष्णतेने ते कागदाला चिकटते आणि काढताना पापुद्रा निघतो.

कुंकवासाठी जुना अलिझरिन क्रिमझन मी मुद्दाम टाळला, कारण तो उजेडात विटतो. क्विनॅक्रिडोन गटातला लाल त्यापेक्षा टिकाऊ असतो. फ्रेम करताना चित्र आणि काच यांमध्ये माउंट ठेवायला सांगावे, म्हणजे कागद काचेला टेकत नाही, आणि मागची बाजू चिकटपट्टीने पूर्ण बंद करून घ्यावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दमट हवा आत शिरणार नाही.