उघडेनाशा झालेल्या तळटिपा

चिनी फौजदारी कायद्यावर संशोधन करते म्हटलं की नातेवाईक हमखास विचारतात, "तिथे कायदा असतो का गं?" असतो. आणि मधली काही वर्षं तो घरबसल्या वाचायलाही मिळायचा. 2013 मध्ये चीनच्या सर्वोच्च जन न्यायालयाने देशभरातल्या कोर्टांची निकालपत्रं एका संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. 2020 पर्यंत दहा कोटींच्या वर जमली. त्याआधी निवडून छापलेले मोजके खटले आणि ओळखीच्या वकिलांच्या गप्पा, यांवरच आम्ही अभ्यासक भागवायचो.

2021 च्या उन्हाळ्यात आमचा अमली पदार्थांच्या खटल्यांतल्या फाशीवरचा लेख जवळपास तयार होता. पूर्वी अशा बऱ्याच शिक्षांवर प्रांतांची उच्च न्यायालयंच शेवटची मोहोर उठवत. 2007 पासून तो अधिकार पुन्हा एकट्या सर्वोच्च न्यायालयाकडे आला. त्याने खरंच फरक पडला का, हे आम्ही पाहत होतो. लेख पाठवण्याआधी तळटिपांतले दुवे तपासायचं काम माझ्याकडे होतं.

पहिला उघडेना. साइट नेहमीसारखी रखडली असेल म्हणून दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग फाशीच्या फेरतपासणीचे सगळेच आदेश शोधले, तर यादी रिकामी. शेजारच्या टेबलावरच्या बीजिंगच्या मैत्रिणीने तिच्या खात्यातून शोधलं, तिथेही तेच. कुठे सूचना नाही, कारण नाही.

आमच्याकडे उतरवून ठेवलेल्या प्रती होत्या. त्यातली युन्नान प्रांतातली एक मी पुन्हा उघडली. आरोपीचं नाव, जन्मतारीख, शिक्षण प्राथमिक, धंदा शेती. मग हेरॉइनचं वजन ग्रॅममध्ये, पुरावे, आणि शेवटी तीन न्यायाधीशांची नावं. एवढा मोठा निर्णय आणि कागद जेमतेम दोन पानांचा!

दुपारी वाद पेटला. वाचकाला पडताळता येत नाही तो निकाल पुरावा म्हणून द्यावा का? सरांचं म्हणणं, खटला क्रमांक आणि पाहिल्याची तारीख द्या, मागेल त्याला प्रत दाखवू. मी आरोपींची नावं झाकायचा आग्रह धरला. तो मान्य झाला. संध्याकाळी चीनमधल्या सहलेखकाचा निरोप आला: माझं नाव काढा. सप्टेंबरपासून तिथे डेटा सुरक्षेचा नवा कायदा लागू होणार होता. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. अर्धा लेख त्यांचा होता, तरी नाव काढलं.

पुढे गळती वाढतच गेली. न्यायालयानेच दिलेले आकडे पाहा: 2020 मध्ये 1 कोटी 92 लाख निकालपत्रं चढली, 2023 मध्ये डिसेंबरपर्यंत जेमतेम 51 लाख. त्याच महिन्यात फक्त कोर्टाच्या माणसांसाठी वेगळा संग्रह होणार असल्याची बातमी फुटली, तेव्हा त्सिंगह्वा विद्यापीठाच्या लाओ दोंगयान यांच्यासारख्या प्राध्यापकांनी तिथे राहून, स्वतःच्या नावानिशी विरोध नोंदवला. निकाल यापुढेही प्रसिद्ध होत राहतील, असा खुलासा मग न्यायालयाला करावा लागला.