विली नेल्सन आणि त्याची भोक पडलेली गिटार

आज सुट्टी, घरातली सगळी कामं बाजूला टाकून दुपारभर अमेरिकन कंट्री संगीत गाणाऱ्या विली नेल्सनच्या लाइव्ह मैफली बघत बसले आणि अजून डोक्यातून जातच नाहीयेत. १९३३ चा जन्म, टेक्सासमधलं ॲबट नावाचं छोटंसं गाव, आजी-आजोबांनी वाढवलेलं पोर, आणि नव्वदी ओलांडली तरी बसमधून गावोगाव फिरून गातोय हो हा माणूस!

त्याची ती गिटार झूम करून बघा एकदा. ट्रिगर नाव तिचं, १९६९ पासून तीच, वाजवून वाजवून लाकडाला चक्क भोक पडलंय, भोवती मित्रमंडळींच्या सह्या, पण आवाज काय गोड! घराला आग लागली तेव्हा आत घुसून हिला बाहेर काढली होती त्याने.

आणि त्याची थोरली बहीण बॉबी. २०२२ मध्ये गेली, पण त्याआधी कितीतरी वर्षं त्याच्या बँडमध्ये पियानोवर तीच. लहानपणी घरात एकत्र वाजवायचे ते म्हातारपणी स्टेजवर, मला तर भरूनच आलं बघताना. शेतकऱ्यांसाठी १९८५ साली सुरू केलेल्या फार्म एड या मदत-मैफलीतही गात आलाय, त्यावर वेगळं लिहीन.

दोघा भावंडांच्या जुन्या मैफलींच्या लिंक कुणाकडे असतील तर टाका ना प्लीज, रात्री जेवण झाल्यावर परत बसणार आहे.